खळखळाटाची वकिली पुरे

मासे पाळणाऱ्यांत एक मत बरीच वर्षं फिरतं आहे आणि अलीकडे रत्नागिरीतही ते ठासून मांडलं जातं. खाली संप असलेली टाकी म्हटली की ड्रेनच्या पाइपात घळघळ होणारच, पाणी पडलं की वाजणारच, आणि ज्याला हा आवाज सोसत नाही त्याने टाकीच्या फंदात पडू नये, असं ते मत. त्याच्या पाठोपाठ दुसरं मत येतं आणि ते जास्त घातक आहे: आवाज घालवायचा म्हणजे पाइप आवळायचा, आणि पाइप आवळला की एक ना एक दिवस घरभर पाणी होणार. तेव्हा खळखळाट हीच सुरक्षिततेची हमी. दुकानातली माणसं हे सांगतात, जुने हौशी सांगतात, आणि नवखा माणूस मान डोलावून रात्रभर तो आवाज ऐकत पडतो.

मला यातलं एकही वाक्य मान्य नाही. ज्या जोडणीने ड्रेन शांत होतो, त्याच जोडणीने तो सुरक्षितही होतो. सतत घळघळणारी टाकी ही बहुतेक वेळा चुकीची जोडलेली टाकी असते.

ज्यांनी अशी टाकी जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काचेच्या टाकीच्या मागच्या बाजूला किंवा कोपऱ्यात एक उभा कप्पा असतो. टाकीतलं अगदी वरचं पाणी त्याच्या दातेरी कडेवरून आत उतरतं, तळाच्या भोकातून ड्रेनच्या पाइपाने खालच्या कपाटातल्या टाकीत, म्हणजे संपमध्ये जातं, तिथे गाळलं जातं आणि पंप ते रिटर्न पाइपाने परत वर चढवतो. पंप वर ढकलेल तेवढंच पाणी खाली येतं. खाऱ्या पाण्याच्या टाकीला ही रचना जवळजवळ अपरिहार्य असते, कारण गाळणीची सगळी अवजारं संपमध्येच मावतात. रत्नागिरीत समुद्र हाकेच्या अंतरावर. पेठकिल्ल्यातल्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय इथल्या मुलांनी शाळेच्या सहलीत पाहिलेलं असतं आणि शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. अशा गावात घरी खारी टाकी ठेवावीशी वाटणं अगदी स्वाभाविक आहे. त्या हौसेला पहिल्याच पायरीवर चुकीचा सल्ला मिळतो, याचं मला वाईट वाटतं.

पाणी पडलं की वाजणारच, हे वाक्य बिनतोड वाटतं. पण पाणी स्वतः फारसं वाजत नाही. वाजते ती त्यात अडकलेली हवा. मार्सेल मिनार्ट या शास्त्रज्ञाने १९३३ साली वाहत्या पाण्याच्या आवाजावर निबंध लिहून हे गणिताने मांडलं. पाण्यात कोंडलेला हवेचा बुडबुडा आकसत-फुगत थरथरतो आणि त्या थरथरीचा सूर बुडबुड्याच्या आकारावर ठरतो. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे ३,३०० कंपनं करतो, एक सेंटिमीटर त्रिज्येचा सुमारे ३३०. म्हणून बारीक बुडबुड्यांची सळसळ कानाला पातळ लागते आणि मोठ्यांची घळघळ जाड. २०१८ मध्ये केंब्रिज विद्यापीठात अनुराग अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठिबकणाऱ्या थेंबांचं अतिवेगवान चित्रण केलं. टपटप वाजतं ते थेंब आपटल्यामुळे नव्हे, तर आपटल्यावर पाण्याखाली अडकलेल्या इवल्याशा बुडबुड्यामुळे, हे त्यातून दिसलं.

म्हणजे ड्रेन वाजत असेल तर त्यात कुठून तरी हवा शिरते आहे. कुठून शिरते तेही आवाजच सांगतो. कप्प्याच्या कडेवरून पाणी वीतभर खाली आदळत असेल तर धबधब्यासारखी सळसळ येते. पाइपाचं टोक संपमधल्या पाण्याच्या वर लटकत असेल तर खालून बुदबुद येते. आणि सगळ्यांना छळते ती घळघळ पाइपाच्या आतली असते. भरलेली बाटली उपडी केली की एकाच तोंडातून पाणी बाहेर आणि हवा आत जायला बघते, तिथे जी झटापट होते तीच या पाइपात चोवीस तास चाललेली असते. त्यातही एक प्रकार फार त्रासदायक. पाइप क्षणभर पूर्ण भरतो, सगळं पाणी जोरात ओढून घेतो, कप्प्यातली पातळी पाइपाच्या तोंडाखाली जाते, मोठ्याने हवा गिळली जाते, आणि पातळी वाढली की पुन्हा तेच. शौचालयाची टाकी मिनिटा-मिनिटाला कुणीतरी ओढतंय असं घरातल्यांना वाटतं.

ही झटापट मिटवायचे दोन रस्ते आहेत. पहिला, हवेला तिची वेगळी वाट द्यायची. रिचर्ड ड्यूर्सो या हौशी माणसाच्या नावाने ओळखला जाणारा उभा पाइप हेच करतो: पाइपाच्या डोक्यावर टी, टीच्या बाजूला तोंड खाली वळवलेला एल्बो, आणि वरच्या टोपीला बारीक भोक. पाणी एल्बोतून पातळीखालून शिरतं, हवा टोपीच्या भोकातून ये-जा करते आणि पाणी पाइपाच्या भिंतीला चिकटून उतरतं. कमी प्रवाहाला हे छान चालतं. प्रवाह वाढवला की मात्र भोकाचा आकार कमी-जास्त करत बसावं लागतं आणि पूर्ण शांतता क्वचितच मिळते. ज्यांनी फक्त हाच प्रयोग केला ते 'आवाज जातच नाही' म्हणतात, त्यात त्यांचा दोष नाही. त्यांनी दुसरा रस्ता पाहिलेला नाही, एवढंच.

दुसरा रस्ता म्हणजे पाइपात हवेला थाराच द्यायचा नाही. तोंडापासून टोकापर्यंत पाइप पाण्याने गच्च भरलेला ठेवायचा, म्हणजे सायफन. शाळेत आपण त्याला वक्रनलिका म्हणून शिकलो. रत्नागिरी जिल्ह्याला ही कल्पना नवी नाही. राजापूरजवळ उन्हाळे इथली गंगा साधारण तीन वर्षांनी प्रकटते, चौदा कुंडं भरते आणि पुन्हा लुप्त होते. तिचं शास्त्रीय स्पष्टीकरण देताना जमिनीखालच्या नैसर्गिक वक्रनलिकेचीच कल्पना मांडली जाते: भूगर्भातली पोकळी ठरावीक पातळीपर्यंत भरली की वाहायला लागते आणि उपसून झाली की थांबते. टाकीच्या ड्रेनला हे भरणं-थांबणं नको असतं. तिथे प्रवाह अखंड हवा, आणि त्यासाठी व्हॉल्व्ह लागतो.

का लागतो, ते आकड्यांत पाहू. धरा ७० सेंटिमीटर उतार आणि २५ मिलिमीटर आतल्या व्यासाचा पाइप. घर्षण सोडून दिलं तर पाणी सेकंदाला सुमारे ३.७ मीटर वेगाने निघतं आणि तासाला साडेसहा हजार लिटर वाहून जातं. एल्बो आणि घर्षण यांची घट निम्मी धरली तरी तीन हजार लिटर उरतात. घरातली टाकी अडीचशे लिटरची असेल तर पंप तासाला हजार-दीड हजार लिटर पाणी चढवतो. मग मोकळा सायफन कप्पा उपसून टाकतो, हवा गिळतो आणि मघाची घळघळ सुरू होते. पाइपाच्या खालच्या भागात व्हॉल्व्ह बसवून तो हळूहळू आवळला की सायफन पंपाएवढंच पाणी नेतो आणि कप्प्यातली पातळी तोंडाच्या वर स्थिर राहते. इथे गेट व्हॉल्व्हच हवा. बॉल व्हॉल्व्हची दांडी पाव फेऱ्यात उघडते-मिटते, तिने केसभर फरक साधत नाही. गेट व्हॉल्व्हचं चाक अनेक फेरे घेतं, म्हणून हवी ती धार पकडता येते.

आता विरोधकांचा खरा आक्षेप. ड्रेनवर व्हॉल्व्ह लावायचा नाही, ही शिकवण जुनी आहे आणि तिच्यामागे पाण्याने भिजलेल्या फरशा आहेत. आवळलेल्या पाइपात गोगलगाय अडकली, शेवाळाचा लगदा अडकला, एखादा मासा उडी मारून कप्प्यात आला, की पाणी खाली जायचं थांबतं. पंप थांबत नाही. संपमधलं सगळं पाणी वर येतं आणि काठावरून जमिनीवर उतरतं. एकच पाइप असेल तर हा आक्षेप शंभर टक्के बरोबर आहे, आणि एकाच पाइपावर व्हॉल्व्ह लावायला मीही कुणाला सांगणार नाही.

पण म्हणून काढलेला निष्कर्ष चुकतो. व्हॉल्व्ह सोडायचा नसतो, दुसरा पाइप घालायचा असतो. हौशी मंडळींत हर्बी या नावाने चालणाऱ्या पद्धतीत दोन पाइप असतात. एक सायफनचा, व्हॉल्व्हसकट. दुसरा निव्वळ आणीबाणीचा: त्यावर व्हॉल्व्ह नाही, जाळी नाही, स्पंज नाही, आणि त्याचं तोंड सायफनच्या तोंडापेक्षा उंचावर. बीनअॅनिमल नावाच्या पद्धतीत तीन असतात. तिथे मधल्या पाइपातून थोडं पाणी सतत मोकळं वाहतं आणि त्याला एक बारीक हवेची नळी असते. कप्प्यातली पातळी वाढून त्या नळीचं तोंड बुडालं की हवा बंद होते आणि तो पाइप स्वतःच सायफन बनून तुंबलेलं पाणी ओढतो. ती फार अक्कलहुशारीची रचना आहे. पण घरगुती टाकीला दोन पाइपही पुरतात, फक्त एक अट: पंपाचं सगळंच्या सगळं पाणी दुसऱ्या पाइपाला एकट्याने पेलता आलं पाहिजे.

आणि इथे शांततेच्या बाजूचा माझा सर्वांत मोठा मुद्दा आहे. व्हॉल्व्ह नीट लावलेल्या टाकीत दुसऱ्या पाइपात पाण्याची जेमतेम एक पातळ धार भिंतीला लागून उतरते, अजिबात न वाजता. सायफनमध्ये काही अडकलं की पातळी वाढते, धार जाड होते आणि तो दुसरा पाइप घळघळायला लागतो. गप्प असलेली टाकी अचानक बोलू लागली की शेजारच्या खोलीतल्या माणसालाही कळतं आणि तो उठून बघतो. जी टाकी रोजच घळघळते तिच्यात तुंबण्याचा आवाज कुणाला ओळखू येणार? खळखळाटाला सुरक्षिततेची हमी म्हणणारे नेमकी हीच सूचना बुडवून टाकतात. एकच उघडा पाइप, वर कायमचा गोंगाट, आणि तो पाइप तुंबला तर काहीही राखीव नाही, अशी टाकी ते सुरक्षित म्हणून घरात ठेवायला लावतात.

कोकणात आणखी एक कसोटी आहे, वीज. जूनच्या ३ तारखेला २०२० मध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडात लोकांनी दिवसेंदिवस अंधार काढला; पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते. वादळं नसली तरी पावसाळ्यात वीज दिवसातून कितीदा जाते-येते ते इथे कुणाला सांगायला नको. प्रत्येक वेळी दोन गोष्टी घडतात. पंप थांबला की टाकीतलं पाणी कप्प्याच्या कडेपर्यंत खाली उतरतं आणि ते संपमध्ये मावावं लागतं. १२० बाय ४५ सेंटिमीटरच्या टाकीची पातळी चार सेंटिमीटर उतरली तर साधारण साडेएकवीस लिटर पाणी खाली येतं, पाइपातलं आणि कप्प्यातलं वेगळं. रिटर्न पाइपाचं तोंड पाण्यात खोल बुडवलेलं असेल तर तोही उलटा सायफन होऊन आणखी पाणी ओढतो. म्हणून पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली त्याला एक बारीक भोक पाडतात, म्हणजे पातळी उतरताच हवा शिरून ओढ तुटते. तिथे पाणी उलटं येऊ न देणाऱ्या चेक व्हॉल्व्हवर नुसतं विसंबू नये, शेवाळाचा एक कणही तो उघडा ठेवतो.

दुसरी गोष्ट वीज परत आल्यावरची. सायफन हात न लावता सुरू झाला पाहिजे. कप्प्यासमोर उभं राहून हे एकदा नीट पाहावं. पातळी चढते, सायफनच्या तोंडावर भोवरा फिरू लागतो, पाइपातली कोंडलेली हवा खालच्या टोकातून फसफसत बाहेर येते, थोडा वेळ चांगलाच गलका होतो. मग भोवरा एकदम विरतो, तोंडावरचं पाणी काचेसारखं सपाट होतं आणि आवाज संपतो. तो गलका लांबला किंवा संपलाच नाही, तर बहुधा पाइपाचं टोक संपच्या पाण्यात फार खोल बुडालेलं असतं आणि हवेला बाहेर पडता येत नाही. टोक दोन-अडीच सेंटिमीटर बुडलेलं पुरे. वर लटकत ठेवलं तर बुदबुद, खोल घातलं तर हवा कोंडलेली. एवढी एक गोष्ट जमवली की अर्ध्या तक्रारी मिटतात.

या सगळ्याऐवजी लोक काय करतात? कपाटाला आतून फोम चिकटवतात, थर्माकोल लावतात, दारं घट्ट बंद करतात. आमच्या दमट हवेत बंद कपाटात पाण्याची वाफ कोंडते, खारं पाणी असेल तर बुडबुड्यांतून उडालेलं मीठ बोर्डावर आणि प्लगच्या पिनांवर चढतं, पाणी तापतं ते वेगळंच. आवाजाचं मूळ तसंच राहतं. त्याहून वाईट उपाय म्हणजे ड्रेनच्या तोंडात स्पंजचा बोळा. माझ्या ओळखीच्या एका घरात तो कुणाच्या तरी सांगण्यावरून घातला. आवाज गेला, घरचे खूश झाले. स्पंजमध्ये खाद्याचा चुरा आणि शेवाळ साचत गेलं आणि एका पहाटे दिवाणखान्याची फरशी पाण्याखाली होती. व्हॉल्व्हला भिणारी माणसं स्पंजला भीत नाहीत, हे मला कधीच समजलेलं नाही. व्हॉल्व्ह आपण लावू तेवढाच आवळलेला राहतो. स्पंज दिवसागणिक आपोआप आवळत जातो.

बुडबुडे गेले तर माशांना प्राणवायू कसा मिळणार, असंही विचारलं जातं. पाण्यात प्राणवायू शिरतो तो मुख्यतः पृष्ठभागावरून. पृष्ठभाग हलता राहिला आणि त्यावरचा तेलकट पापुद्रा निघून गेला की काम होतं. तो पापुद्रा काढण्याचं काम कप्प्याची दातेरी कड करतच असते, ड्रेन शांत असो वा वाजता. २८ अंश तापमानाला गोड्या पाण्यात लिटरमागे पावणेआठ मिलिग्रॅमच्या आसपास आणि समुद्राच्या पाण्यात साडेसहाच्या आसपासच प्राणवायू मावतो, म्हणून खाऱ्या टाकीत काळजी घ्यायलाच हवी. ती रिटर्नचं तोंड पृष्ठभागाकडे वळवून घ्यावी, पाइपातल्या गोंगाटाच्या भरवशावर नाही.

मासे बहिरे असतात, त्यांना काय फरक पडतो, या म्हणण्याला तर कोकणात जागाच नसावी. घोळ आणि डोमा ज्या कुळातले, ते मासे पोटातल्या हवेच्या फुग्याभोवतीच्या स्नायूंनी आवाज काढतात. शिंगाळाही जाळ्यातून काढताना कुरकुरतो. जे बोलतात ते ऐकतातही. सोनमाशाच्या फुग्यापासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे त्याला उत्तम ऐकू येतं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मोठ्या आवाजात ठेवलेल्या सोनमाशांची श्रवणशक्ती काही काळापुरती घटली होती. घरातल्या ड्रेनचा आवाज त्या प्रयोगाइतका मोठा नसतो, हे मी मान्य करतो. हवेतला आवाज पाण्यात फारसा शिरतही नाही. पण काचेला टेकलेला पंप आणि घट्ट आवळलेले पाइप आपली थरथर थेट काचेतून पाण्यात पोचवतात. तिथे पंपाखाली रबराची गादी आणि मध्ये लवचीक नळीचा तुकडा हा दहा मिनिटांचा उपाय आहे, तो न करण्याला सबब नाही.

आणि माणसांचं काय? जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत रात्री झोपण्याच्या खोलीत सलग आवाज ३० डेसिबलच्या वर नसावा असं सांगितलं. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, तीही घराबाहेरच्या हवेतली. नाचणे किंवा मारुती मंदिर भागातल्या फ्लॅटमध्ये टाकी ज्या भिंतीला लागून असते, तिच्यापलीकडे कुणाचं तरी डोकं उशीवर असतं. घरातली म्हातारी माणसं, बाळंतीण, परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं यांना 'सवय होईल' म्हणणं मला पटत नाही. कित्येक घरांत सवय होत नाही. वर्षभरात टाकी विकली जाते आणि मासे कुणाला तरी देऊन टाकले जातात. हौस आवाजाने मरते आणि दोष हौशी माणसाच्या नाजूकपणाला दिला जातो.

खर्चाचं कारण सांगितलं जातं, तेही टिकत नाही. टाकी बनवतानाच तळाला एकाऐवजी दोन भोकं पाडायची, भोकात पाइप बसवायचा एक बल्कहेड जास्त घ्यायचा, थोडा पीव्हीसी पाइप आणि एक गेट व्हॉल्व्ह. टाकी, दिवे आणि पंप यांच्या किमतीपुढे हे किरकोळ आहे. अवघड होतं ते नंतर करायला गेलं की. काच टफन्ड असेल तर भोक पाडताच ती फुटून चुरा होते, आणि भरलेली टाकी कोण रिकामी करणार? मग काठावर टांगायचा ओव्हरफ्लो बॉक्स उरतो. त्याच्या वाकड्या नळीत हवा साचून सायफन तुटण्याची भीती कायम राहते आणि ज्या पुराची धास्ती घातली जात होती तो खरोखर येऊ शकतो. म्हणूनच हा निर्णय टाकी घडवताना व्हायला हवा आणि तो घेण्याची जबाबदारी आधी बनवणाऱ्याची आणि विकणाऱ्याची आहे. एका भोकाची टाकी विकून वर 'आवाज तर येणारच' म्हणणाऱ्याने गिऱ्हाइकाला अर्धीच वस्तू दिलेली असते.

माझी मागणी साधी आहे. टाकी लावून दिल्यावर दुकानदाराने गिऱ्हाइकासमोर दोन गोष्टी करून दाखवाव्यात. पंपाचा प्लग काढून संपमधलं पाणी काठाच्या आत थांबतं का आणि पुन्हा लावल्यावर सायफन आपोआप पकडतो का, ही पहिली. गेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून पंप तसाच चालू ठेवायचा आणि दुसरा पाइप एकटा सगळं पाणी नेतो का ते पाहायचं, ही दुसरी. यात अर्धा तासही जात नाही. हे दोन्ही डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गिऱ्हाइकाने उरलेले पैसे देऊ नयेत.